चार्टचं शेवटचं पान झाकून : भूलतज्ज्ञ कोर्टात नेमकं काय करतो?

भूलोबा (धागाकर्ता)

परवा दुसऱ्या एका धाग्यावर मी सहज लिहून गेलो की ऑपरेशनमध्ये काही बिनसलं की बिल भूल देणाऱ्याच्या नावावर फाडतात. त्यावर तिघांनी एकच प्रश्न विचारला : मग तुमच्यातलाच कुणीतरी कोर्टात उभा राहून तुमच्याविरुद्ध मत देतो, तो कोण? उत्तर प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा काढला. लांबलाय, आधीच सांगतो.

तो 'कुणीतरी' म्हणजे मीही आहे. पेशाने भूलतज्ज्ञ. गेली काही वर्षं वकिलांकडून फायली येतात, कधी रुग्णाच्या बाजूने, कधी डॉक्टरच्या. बहुतेक प्रकरणं लेखी मतावरच संपतात. पिंजऱ्यात उभं राहायची वेळ फार थोड्यांदा आली आणि प्रत्येक वेळी आदल्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्यांना झोपवण्यात आयुष्य गेलं, हा विनोद कुणीतरी करणारच, म्हणून मीच करून टाकतो.

एक घोळ आधी निस्तरू. ज्याने त्या दिवशी भूल दिली तो कोर्टात येतो तेव्हा घडलेलं सांगतो : मी काय पाहिलं, काय दिलं. तज्ज्ञ तिथे नव्हताच. तो कागद वाचून मत देतो. पहिल्याने मत द्यायला सुरुवात केली किंवा दुसऱ्याने 'तिथे असं घडलं असणार' म्हणून गोष्ट रचायला घेतली की गडबड होते. आणि तज्ज्ञाची बांधिलकी कोर्टाशी असते, ज्याने फी दिली त्याच्याशी नाही. वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पाळताना घाम फुटतो.

आता आमचीच गरज का पडते? कारण ऑपरेशन थिएटरात वेळ लिहून ठेवणारा माणूस आम्ही. सर्जनची टीप ऑपरेशन संपल्यावर एका दमात लिहिली जाते. आमचा चार्ट दर पाच मिनिटांनी पुढे सरकतो : नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, कोणतं औषध किती वाजता किती. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला का, किती वेळ, तेव्हा कुणाच्या लक्षात यायला हवं होतं, या प्रश्नांची उत्तरं त्या रकान्यांतून निघतात.

माझी पद्धत अशी. वकिलाला सांगतो, तक्रार अर्ज आणि शेवट काय झाला ते पाठवू नका, आधी फक्त भूलपूर्व तपासणी आणि चार्ट पाठवा. चार्टवर एक पुठ्ठा ठेवतो. एक रकाना उघडा करतो, समासात पेन्सिलीने लिहितो की या क्षणी मी काय केलं असतं, मग पुठ्ठा पुढे सरकवतो. हा चोखंदळपणाचा देखावा नाही. १९९१ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ११२ भूलतज्ज्ञांना २१ प्रकरणं वाचायला दिली. मजकूर तोच, फक्त शेवट बदललेला : काहींना सांगितलं की रुग्णाला तात्पुरती इजा झाली, काहींना सांगितलं कायमची. शेवट कायमच्या इजेचा केला की 'उपचार योग्य होते' म्हणणाऱ्यांचं प्रमाण ३१ टक्के अंकांनी खाली आलं. उपचारात एका अक्षराचाही फरक नव्हता. ही सगळी रोज भूल देणारी माणसं होती, हे विसरू नका.

एक प्रकरण सांगतो, ओळख पटू नये इतपत बदलून. ऑपरेशन ठीक झालं, पण नंतर रुग्णाच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. तक्रार भूल देणाऱ्यावर. चार्ट समोर आला. बारा रकाने, बाराही ठिकाणी १२०/८०. शाई एक, अंकांचा तिरपेपणा एक, शून्याच्या पोटातली गाठसुद्धा तीच. इतकं शहाण्यासारखं वागणारं रक्ताभिसरण मी भूल दिलेल्या माणसात पाहिलेलं नाही. मॉनिटरच्या मेमरीतली प्रिंट मागवली. तिथे मध्येच ८८, मग ७६, मग पुन्हा १०५. म्हणजे चार्ट मागाहून बसून भरला होता.

वकील खूश. मी लिहिलं : नोंद खोटी आहे. आणि पुढच्याच परिच्छेदात लिहिलं : काही मिनिटांच्या त्या रक्तदाबाच्या घसरणीने एका हाताची दोन बोटं बधिर होत नाहीत. कोपराजवळच्या अल्नर नर्व्हचं हे दुखणं हात नीट गादीवर ठेवूनही होतं, अनेकदा ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांनी सुरू होतं, आणि ऑपरेशन न झालेल्या, नुसत्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांतही दिसतं. या रुग्णाची तक्रार तिसऱ्या दिवशी नोंदलेली होती. चूक होती, इजाही होती, पण एकीने दुसरी घडवली नव्हती. दोन्ही बाजूंनी मला पुन्हा फाइल पाठवली नाही.

विचारा काय विचारायचं ते. चालू असलेल्या कुणाच्या प्रकरणावर मात्र इथे मत देणार नाही.

---

साधा_प्रश्न

लेख आवडला, पण पटला नाही. डॉक्टरची चूक डॉक्टरच ठरवणार म्हणजे चोर चोर मावसभाऊ. तुम्ही दोन परिच्छेद लिहिलेत, त्यातला दुसरा डॉक्टरला वाचवणाराच निघाला की!

---

भूलोबा

@साधा_प्रश्न, शंका रास्त आहे. मावसभाऊ एकमेकांना सांभाळून घेतात हे मी नाकारत नाही. पण उलटा अनुभवही घ्या. आमच्यात 'मी असतो तर' नावाचा एक आजार आहे. मोठ्या हॉस्पिटलात, हाताखाली चार माणसं घेऊन काम करणारा तज्ज्ञ रात्री तीन वाजता एकट्याने भूल देणाऱ्यावर जेव्हा मत देतो, तेव्हा तो मावसभाऊ नसतो, सावत्र सासरा असतो. कोर्टाला 'सर्वोत्तम डॉक्टरने काय केलं असतं' हे नको असतं. त्या परिस्थितीत बऱ्यापैकी जाणकार माणसाने काय केलं असतं, ते हवं असतं.

---

सनदधारी

वकिलीत आहे, थोडी भर घालतो. भूलोबांनी एक गंमत सांगितली नाही, कदाचित त्यांच्याही लक्षात आली नसेल. वैद्यकीय निष्काळजीपणाचा कायदा शिकवताना जे खटले पाठ करून घेतात, ते बघा.

१९४७ साली इंग्लंडमध्ये वूली आणि रो या दोघांचं एकाच दिवशी, एकाच हॉस्पिटलात पाठीतून भूल देऊन ऑपरेशन झालं आणि दोघांचेही पाय कायमचे लुळे पडले. औषधाच्या काचेच्या कुप्या फिनॉल या जंतुनाशकात बुडवून ठेवत. कुपीला डोळ्यांना न दिसणारे तडे गेले आणि फिनॉल आत झिरपलं, असा खुलासा कोर्टापुढे आला. १९५४ साली अपिलात न्यायाधीश डेनिंग यांनी म्हटलं की १९४७ चा अपघात १९५४ च्या चष्म्यातून बघायचा नाही. तेव्हा ही शक्यता कुणाला माहीतच नव्हती, म्हणून डॉक्टर सुटला.

बोलम, १९५७. मानसोपचारात विजेचे झटके देताना स्नायू शिथिल करणारं औषध दिलं नाही, रुग्णाची हाडं मोडली. ते औषध द्यावं की नाही यावर तज्ज्ञांतच दोन मतं होती. त्यातून जगभर गाजलेली कसोटी निघाली : जबाबदार जाणकारांच्या एका गटाला जे मान्य, ते केलं तर निष्काळजीपणा नाही. बोलिथो, १९९७. श्वास अडकणाऱ्या लहान मुलाला वेळेत नळी घालायला हवी होती का? एका बाजूला पाच तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला तीन. कोर्ट म्हणालं, तज्ज्ञाचं मत तर्काला धरून आहे का हे आम्ही तपासणार, डोकी मोजून चालणार नाही. आणि जेकब मॅथ्यू, २००५, भारताचं सर्वोच्च न्यायालय. तिथे प्रश्न ऑक्सिजनच्या रिकाम्या सिलिंडरचा होता. डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी त्याच शाखेतल्या स्वतंत्र, जाणकार डॉक्टरचं मत घ्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या, हे तिथे सांगितलं गेलं.

पाठीतली भूल, स्नायू शिथिल करणारं औषध, श्वासनळी, ऑक्सिजन. म्हणजे निष्काळजीपणाचा कायदा घडला तो सगळा भूलतज्ज्ञाच्या अंगणात.

---

भूलोबा

वकीलसाहेब, खरंच हे असं एका ओळीत कधी मांडलं नव्हतं. वूली-रो प्रकरणाला एक शेपूट आहे. १९९० साली त्या प्रकरणाचा नव्याने अभ्यास झाला. त्यात तड्यांची गोष्ट मागे पडली आणि जास्त संभाव्य कारण पुढे आलं ते वेगळंच : उपकरणं उकळायच्या भांड्यातला क्षाराचा थर काढण्यासाठी वापरलेलं आम्ल. भांडं धुवायचं राहिलं, आम्ल पाण्यात राहिलं, तिथून सुई-सिरिंजवर. म्हणजे तज्ज्ञांनी शपथेवर सांगितलेलं आणि न्यायाधीशांनी मान्य केलेलं कारणच बहुधा चुकीचं होतं. चष्म्याचं तत्त्व मात्र शाबूत राहिलं. पायाखालची वीट बदलली तरी भिंत उभी, असं काहीतरी.

म्हणून मी मतात 'याच कारणामुळे' क्वचित लिहितो. 'उपलब्ध कागदांवरून याची शक्यता सर्वांत जास्त' असं लिहितो. वकिलांना ते आवडत नाही.

---

सनदधारी

नाहीच आवडत, कारण दिवाणी दाव्यात आम्हाला पासंगापुरतं झुकलेलं माप पुरतं. ५१ विरुद्ध ४९ झालं की काम झालं. तुम्ही लोक ९५ टक्के खात्री झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. 'शक्य आहे का?' विचारलं की तज्ज्ञ म्हणतो 'शक्य आहे'. अहो, शक्य तर सगळंच आहे! 'होण्याची शक्यता न होण्यापेक्षा जास्त आहे का' एवढंच सांगा. फौजदारीत उलट, तिथे वाजवी संशयाला जागा उरता कामा नये. एकच तज्ज्ञ, एकच चार्ट, पण कोणत्या कोर्टात उभा आहे त्यावर 'हो'चा अर्थ बदलतो, आणि हे त्याला आधी कुणी समजावून सांगत नाही. चूक आमचीही आहे.

उलटतपासणीतला माझा आवडता प्रश्न सांगून टाकतो : "डॉक्टर, तुम्ही स्वतः शेवटची स्पायनल, म्हणजे पाठीतली भूल, कधी दिलीत?" मोठमोठ्या पदव्यांचे तज्ज्ञ इथे गडगडतात. एका गृहस्थांना आठवेना. मी आठवू दिलं. पूर्ण मिनिटभर.

---

ओटी_सिस्टर

धाग्याला नमस्कार. एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहिते. चार्ट नंतर भरला म्हणजे खोटा, असा अर्थ वाचणाऱ्यांनी काढू नये. रुग्ण निळा पडतोय, डॉक्टर फुगा दाबतायत, मी औषध भरतेय, तेव्हा पेन कोण उचलणार? आम्ही हातमोज्यावर वेळ लिहितो. खरंच, मनगटाजवळ, बॉलपेनने. एकदा तर तो मोजाच रात्री जपून ठेवला होता. सगळं निवळल्यावर चार्ट भरतो आणि वर लिहितो 'नोंद उशिरा, इतक्या वाजता केली'. कोरा रकाना दिसला तर तो प्रामाणिकही असू शकतो.

---

भूलोबा

सिस्टर, तुमच्या त्या मोज्याला माझ्यालेखी चार्टपेक्षा जास्त वजन आहे. उशिरा लिहिलं आणि तसं सांगितलं, यात काहीच गैर नाही. मोकळ्या वीस मिनिटांनी मी संशय घेत नाही, सलग १२०/८० दिसलं की घेतो.

---

आकडेमोड

११२ जणांच्या अभ्यासाचा उल्लेख केलात, त्याच संशोधकांचा १९९६ चा अभ्यास जास्त अस्वस्थ करणारा आहे. नुकसानभरपाईची १०३ प्रकरणं घेतली, प्रत्येक दोन भूलतज्ज्ञांना स्वतंत्रपणे वाचायला दिली. उपचार योग्य होते की नाही यावर दोघांचं एकमत झालं ६२ टक्के प्रकरणांत. आता नुसती नाणेफेक केली तरी ५० टक्क्यांच्या आसपास एकमत होतं. म्हणजे तज्ज्ञपणाची कमाई किती उरली? तीही तटस्थ परीक्षकांची. वकिलाने निवडून आणलेल्या तज्ज्ञांचं काय होत असेल!

---

भूलोबा

आकडा बरोबर आहे, आणि त्यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. एवढंच म्हणेन की 'योग्य/अयोग्य' हा शिक्का मारताना आम्ही भांडतो. 'ट्यूब सुटल्यावर उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख लगेच सपाट होतो, बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा मात्र मागाहून पडतो' यावर भांडत नाही. 'लठ्ठ माणूस, गरोदर बाई आणि लहान मूल यांचा ऑक्सिजन श्वास थांबल्यावर भराभर उतरतो' यावरही नाही. तज्ज्ञाने जास्त वेळ या दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांवर घालवावा. शिक्का मारायला न्यायाधीश बसलेत.

उदाहरण घ्या. अडोमाको नावाच्या भूल देणाऱ्यावरचा फौजदारी खटला, इंग्लंड, ऑपरेशन १९८७ चं, हाउस ऑफ लॉर्ड्सचा (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) निकाल १९९४ चा. डोळ्याचं ऑपरेशन, रुग्णाचे स्नायू औषधाने शिथिल, तोंडाशी सर्जनचं कापड, आणि श्वासाची नळी जोडावरून सुटली. रक्तदाबाच्या यंत्राचा गजर वाजला तो सुमारे साडेचार मिनिटांनी. भूल देणाऱ्याने यंत्रं तपासली, नाडी वाढवणारं अॅट्रोपिन दिलं, पण जोड पाहिला नाही. तज्ज्ञाने सांगितलं, सक्षम भूलतज्ज्ञाच्या हे १५ सेकंदांत लक्षात यायला हवं होतं. १५ सेकंद आणि साडेचार मिनिटं शेजारीशेजारी ठेवली की ज्युरीला आणखी विशेषणं लागत नाहीत. शिक्षा कायम राहिली. गंभीर निष्काळजीपणा म्हणजे काय याची व्याख्या तिथून पुढे सगळे उद्धृत करतात.

---

निशाचर

मायकेल जॅक्सनच्या डॉक्टरवरचा खटला कुणी कसा काढला नाही अजून? २०११, लॉस एंजेलिस. मी तेव्हा रात्र रात्र जागून थेट प्रक्षेपण पाहिलं होतं. सरकारी बाजूने स्टीव्हन शेफर, बचावाच्या बाजूने पॉल व्हाइट, दोघेही प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचे जाणकार आणि एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे. शेफर यांनी कोर्टातच स्टँड, बाटली, नळी लावून दाखवलं की ठिबक कशी चालू राहिली असेल. व्हाइट म्हणाले की रुग्णाने स्वतःच टोचून घेतलं असावं. ज्युरीने शेवटी डॉक्टरला दोषी ठरवलं. मला आजही कळलं नाही की इतके मोठे दोघे एकाच रक्ततपासणीवरून दोन टोकाला कसे गेले?

---

भूलोबा

@निशाचर, वा, हा खटला आमच्याकडे शिकवायला वापरतात. रक्तातल्या औषधाचं प्रमाण हा एका क्षणाचा फोटो असतो. तिथवर औषध कसं पोचलं, हे गणिताने मागे जाऊन काढावं लागतं : किती दिलं, केव्हा, एकदम की ठिबकत, शरीर किती वेगाने ते बाजूला करतं. एकाच फोटोला दोन-तीन गोष्टी फिट बसू शकतात. कोणती गोष्ट बाकीच्या पुराव्यांशीही जुळते, तिथे खरा कस लागतो. मूळ बचाव असा होता की जॅक्सनने औषध प्यायलं. प्रोपोफॉल पोटातून गेलं तर यकृत त्याचा जवळपास फडशा पाडतं, रक्तात फारसं पोचतच नाही. हे पुढे आल्यावर बचाव पक्षाने तो मुद्दा सोडून दिला. स्वतःच्या बाजूचा आवडता मुद्दा सोडता येणं, हे तज्ज्ञाचं लक्षण मानायला हरकत नाही.

पण त्या खटल्यातला सगळ्यात जड पुरावा गणिताचा नव्हताच. घरातल्या शयनगृहात प्रोपोफॉल, धड मॉनिटर नाही, आणि चार्ट नाही. काहीच लिहिलेलं नाही! शेफर यांनी १७ घोर त्रुटी मोजून दाखवल्या.

---

चिकित्सक_चिमणी

थोडं अवांतर : अमेरिकेत विषारी इंजेक्शनने फाशी (योग्य शब्द सुचवा) देण्याच्या खटल्यांतही भूलतज्ज्ञ साक्षीला येतात ना?

---

भूलोबा

हो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या २००८ च्या बेझ विरुद्ध रीझ खटल्यात दोन्ही बाजूंनी भूलतज्ज्ञांची मतं होती. वाद असा की पहिल्या औषधाने शुद्ध पूर्ण गेली नाही आणि दुसऱ्याने स्नायू लुळे पडले, तर आतला माणूस जागा आहे हे बाहेरून कळणार कसं? आमच्या पेशातली ही सर्वांत जुनी भीती आहे, ऑपरेशन चालू असताना जागं होण्याची. ब्रिटनमध्ये २०१४ साली आलेल्या मोठ्या अहवालात तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण साधारण १९,००० भुलींमागे एक असं होतं, सिझेरियनसाठी पूर्ण भूल दिली तर ६७० मागे एक. कोर्टात याबद्दल मत देणं वेगळं आणि त्या खोलीत सुई हातात घेणं वेगळं. अमेरिकेतल्या भूलशास्त्र मंडळाने २०१० मध्ये स्पष्ट केलं की मृत्युदंडात भाग घेणाऱ्याचं प्रमाणपत्र जाऊ शकतं. (शब्द : 'इंजेक्शनने मृत्युदंड' चालेल. फाशी नको.)

---

पैलतीर_अलीकडे

बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहायला बसले.

माझ्या वडिलांचं मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं. पाठीतून भूल. टेबलवरच रक्तदाब पडला, शुद्ध पूर्ण परत आलीच नाही, तिसऱ्या दिवशी गेले. सव्वा वर्ष झालं. आम्ही तक्रार केली, तज्ज्ञ मत मागवलं गेलं. ते मत दोन ओळींचं आहे. मला पाठ आहे : "उपचार प्रचलित वैद्यकीय पद्धतीनुसार झाल्याचे दिसून येते. निष्काळजीपणा आढळून येत नाही." सही, शिक्का.

चार्टवर ११.१० ते ११.३० कोरं आहे. सिस्टर म्हणाल्या कोरा रकाना प्रामाणिकही असू शकतो. असू दे. मला कुणाला तुरुंगात घालायचं नाही. त्या वीस मिनिटांत काय झालं, एवढंच कुणीतरी नीट सांगावं. दोन ओळींत माझे वडील मावत नाहीत.

---

ओटी_सिस्टर

ताई, वाईट वाटलं. माझ्या वाक्याने दुखावलं असेल तर माफ करा.

---

साधा_प्रश्न

यालाच मी मावसभाऊ म्हणत होतो. दोन ओळी!

---

भूलोबा

ताई, तुमच्या प्रकरणावर मत देणार नाही असं वर म्हटलं आहे, ते पाळतो. पण तज्ज्ञाचं मत कसं असावं यावर बोलू शकतो, आणि साधा_प्रश्न यांच्याशी या वेळी वाद घालत नाही.

दोन ओळींचा तो निष्कर्ष बरोबरही असू शकतो. म्हाताऱ्या माणसाचं मांडीचं हाड मोडणं हेच मोठं आजारपण असतं. पाठीतल्या भुलीने रक्तदाब उतरणं अपेक्षित असतं, कधी हृदय, कधी फुप्फुसात अडकलेली चरबी किंवा गुठळी, कधी हाड बसवतानाचं सिमेंट, अशी कारणं असतात आणि सगळं नीट करूनही माणूस हातचा जातो. पण 'बरोबर असू शकतो' आणि 'मत दिलं' यांत फरक आहे. मत म्हणजे कोणते कागद वाचले, कोणते मिळाले नाहीत, मिनिटागणिक घटनाक्रम काय लावला, कोऱ्या जागी काय गृहीत धरलं आणि का. रक्तदाब पडल्यावर लोक काय काय करतात, त्यांपैकी इथे काय केलं, केव्हा. आणि उद्या कोणता कागद सापडला तर माझं मत बदलेल. हे सगळं न लिहिता नुसता शेवट लिहिला तर त्याची उलटतपासणी तरी कशाची करणार? तुमच्या वकिलांना सांगा, कारणांसह मत मागा. तसं मागता येतं.

---

सनदधारी

ताई, येतं. 'कारणमीमांसेसह सविस्तर मत मिळावे' असा अर्ज करायचा आणि सोबत नेमके प्रश्न द्यायचे. 'निष्काळजीपणा झाला का?' हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर दोन ओळींतच येतं. 'रक्तदाब प्रथम केव्हा घसरला, त्यानंतर कोणते औषध किती वाजता दिले, हे कोणत्या नोंदीवरून दिसते?' असं विचारा. ज्या तज्ज्ञाने कागद वाचलेच नाहीत तो इथे उघडा पडतो.

---

पैलतीर_अलीकडे

धन्यवाद दोघांनाही. मॉनिटरच्या मेमरीबद्दल वाचून लगेच चौकशी केली. उत्तर आलं की यंत्र ठरावीक तासांचंच साठवतं, नवीन जुन्यावर लिहिलं जातं. संपलं.

---

भूलोबा

संपलं नाही अजून. ते एक घड्याळ गेलं, बाकीची असतात. अशा गडबडीत धमनीतलं रक्त तपासायला पाठवलं असेल तर त्या यंत्राच्या चिठ्ठीवर वेळ छापून येते. औषधांच्या वहीत अॅड्रेनलिनच्या कुप्या किती आणि केव्हा काढल्या त्याची नोंद असते. रक्त मागवलं असेल तर रक्तपेढीच्या रजिस्टरवर वेळ. आयसीयूला फोन गेला असेल तर तिथल्या सिस्टरांच्या नोंदीत 'पेशंट येतोय' अशी ओळ. यातून कोरी वीस मिनिटं बऱ्यापैकी भरता येतात, मी भरली आहेत.

फक्त एक सावधगिरी. ही घड्याळं एकमेकांशी जुळत नाहीत. भिंतीवरचं, मॉनिटरचं, रक्ततपासणी यंत्राचं, तिन्हींत चार-सहा मिनिटांचा फरक मी स्वतः पाहिलाय. त्यामुळे एखादी नोंद आधी-नंतर दिसली म्हणून लगेच कुणी खोटं बोललं असं धरू नका. दोन घड्याळांत नोंदलेली एकच घटना शोधायची, तिच्यावरून फरक काढायचा, मग बाकीच्या वेळा सरकवायच्या.

---

पैलतीर_अलीकडे

फाइल पुन्हा काढली. रक्ताची चिठ्ठी आहे! डिस्चार्जच्या कागदांच्या मागे स्टेपल केलेली, आम्ही बिल समजून बाजूला ठेवली होती. वेळ ११.२४. बरेच आकडे आहेत, मला कळत नाहीत. आणि आयसीयूच्या कागदावर 'सॅम्पल पाठवले ११.१९' असं हाताने लिहिलंय. म्हणजे पाच मिनिटांचा फरक?

---

भूलोबा

नुसत्या वेळेवरून मी सांगणार नाही. त्यातला काही वेळ सॅम्पल यंत्रापर्यंत न्यायलाही लागतो, तो धरा. पण दोन घड्याळांत नोंदलेली एकच घटना तुम्हाला मिळाली, तज्ज्ञाला सुरुवात इथूनच करायची असते. आकडे इथे टाकू नका, वकिलांना द्या.

आणि ती चिठ्ठी गुळगुळीत, चकचकीत कागदाची असेल ना? तो थर्मल कागद असतो, उन्हात आणि प्लास्टिकच्या पाऊचमध्ये त्याची अक्षरं उडतात. सव्वा वर्ष झालंय. आधी झेरॉक्स काढा, मग बाकीचं.

---

पैलतीर_अलीकडे

कोपऱ्यातले दोन आकडे पुसट झालेत, बाकी वाचता येतंय. आताच काढून आणल्या. तीन प्रती.